कोणी काय सोडलं? ‘शक्ती’ या बँडच्या निमित्तानं जॅझ फ्युजनची ओळख

१९७६ साली अमेरिकेत एक लाँगप्ले रेकॉर्ड निघाली. तिच्यावर फक्त तीन तुकडे होते. पहिला १८ मिनिटांचा, दुसरा पाच मिनिटांच्या आतला आणि तिसरा तब्बल २९ मिनिटांचा. वाजवणारे पाच जण. गिटारवर यॉर्कशायरचा इंग्रज जॉन मॅकलॉफ्लिन, तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, आणि तिघं कर्नाटक संगीतातले: व्हायोलिनवर एल. शंकर, मृदंगमवर आर. राघवन, घटमवर टी. एच. विनायकराम. घटम म्हणजे मातीचं मडकंच. बँडचं नाव ‘शक्ती’.

आमच्या तिवसा-मोझरीच्या भागात भजनी मंडळातल्या पोरांच्या मोबाइलवर आता या बँडचे तुकडे फिरतात. पोरं ऐकतात, थक्क होतात आणि विचारतात, “दादा, हे शास्त्रीय आहे की इंग्रजी?” प्रश्न रास्त आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

भजनात ठेका सुटला की ज्याचा कान लगेच टवकारतो, गाणारा समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) नीट आला की घसरला हे ज्याला न सांगता कळतं, त्याला हे संगीत समजायला वेगळं शिक्षण लागत नाही. थोडी ओळख मात्र लागते: कोण कुठून आलं, काय घेऊन आलं, आणि इथं येताना काय सोडून आलं. फ्युजनची गोष्ट सांगताना बहुतेक जण काय काय मिसळलं याची यादी देतात. मला ती कोणी काय सोडलं या बाजूनं सांगायची आहे, कारण ‘शक्ती’ त्याच बाजूनं नीट समजते.

आधी जॅझ म्हणजे काय ते पाहू.

जॅझचं मूळ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यात आहे, आणि ती माणसं राबत होती कापसाच्या वावरात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या पिढ्यान् पिढ्या तिथं गेल्या. काम करता करता एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. वऱ्हाडाचा त्या कापसाशी थेट संबंध आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला एकदम मागणी आली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं गेली, दैन्य गेलं नाही. मिसिसिपीच्या त्याच कापूसपट्ट्यात पुढं ब्लूज हे गाणं उभं राहिलं. त्यात गंधार आणि निषाद हे सूर शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठंतरी लावतात. पेटीच्या पट्ट्यांवर ते सापडत नाहीत, गळ्यातच सापडतात.

तिकडं न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात लष्करी बँडची वाद्यं काळ्या वादकांच्या हाती आली होती: क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल. मिरवणूक असो की मयत, बँड हवाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बँडांचं वादन आणि ब्लूजचं गाणं एकत्र येऊन जॅझ तयार झालं. आपल्याकडच्या लग्नातल्या बँड पार्टीत हीच वाद्यं आहेत, आणि ती आली ब्रिटिश लष्कराच्या बँडांमधून. दर्यापूर-अंजनगावकडचा क्लॅरिओनेटवाला वरातीत सिनेमाचं गाणं वाजवता वाजवता मधेच मुखडा सोडतो, स्वतःच्या चार जागा घेतो, आणि ढोलवाला त्याला सांभाळून घेतो. जॅझमधलं मुख्य काम हेच. ठरलेली चाल सगळ्यांनी एकदा वाजवायची, मग एकेकानं आळीपाळीनं तिच्या सांगाड्यावर तिथल्या तिथं नवं रचायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मूळ चालीवर यायचं.

हे संगीत भारतात फार लवकर आलं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं. तिथं तयार झालेले गोव्याचे वादक पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांनी ज्या उसळत्या चाली दिल्या, त्यांत चिक चॉकलेट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात होता. म्हणजे टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसलेल्या आपल्या आजोबांनी जॅझचा झोका ऐकलेला आहे, त्याला जॅझ म्हणतात हे माहीत नसेल एवढंच.

पेटीवर करून पाहण्यासारखं

आता जरा अवघड भाग. पण पेटी समोर असेल तर तो दहा मिनिटांत सुटतो.

पांढरी एकला सा धरा आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. तीन सुरांचा हा जुडगा म्हणजे कॉर्ड. आता म, ध आणि वरचा सा दाबा. गाणं जागेवरून हललं असं वाटेल. मग प, नी आणि वरचा रे. इथं आल्यावर कानालाच पुन्हा पहिल्या जुडग्याकडं परतावंसं वाटतं. युरोपीय संगीताचा मोठा भाग या हलण्यात आणि परत येण्यात आहे. आपल्याकडं तंबोऱ्यावर सा अढळ असतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. त्यांच्याकडं आधारच बदलत जातो आणि वाजवणाऱ्याला त्याच्यासोबत जावं लागतं.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि त्यांच्या सोबत्यांनी हा खेळ टोकाला नेला. त्या शैलीला बीबॉप म्हणतात. कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलायची, लय अतिद्रुत, आणि वादकानं प्रत्येक कॉर्डला जुळणारा सूर पकडत पुढं पळायचं. कारागिरी अचाट. पण एखाद्या सुरावर थांबून त्याचा रंग पाहायला सवड नाही. आपल्या संगीतातला माणूस तिथं बसवला असता तर त्याचा जीव गुदमरला असता, आणि त्यांच्यातल्या काहींचाही गुदमरायला लागलाच होता.

१९५९ मध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकानं ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड केली आणि कॉर्डची गर्दी काढून टाकली. तिच्या पहिल्या तुकड्याचा सांगाडा पेटीवर असा निघतो: पांढरी दोनला सा माना आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. हा आपला काफी थाट. या सुरांवर ६४ मात्रा राहायचं. मग तोच थाट अर्ध्या सुरानं वर, काळी दोनवरून, ३२ मात्रा. मग परत पांढरी दोनवर ३२ मात्रा. सांगाडा एवढाच. त्यात वादकानं हवं तिथं थांबावं, हवं ते रंगवावं.

माझ्या मते जॅझ आणि आपलं संगीत यांच्यातलं दार इथं उघडलं. जॅझनं कॉर्डची घाई सोडली, म्हणून एका सुरावर टिकून राहणाऱ्या रागसंगीताला शेजारी बसायला जागा मिळाली. याच रेकॉर्डवर सॅक्सोफोन वाजवणारे जॉन कोल्ट्रेन पुढं रविशंकरांच्या सतारीनं इतके भारावले, की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी रवी ठेवलं.

विजेची गिटार आणि महाविष्णू

साठच्या दशकात अमेरिकेतली तरुण पोरं रॉककडं गेली. इलेक्ट्रिक गिटार, मोठे स्पीकर, हजारोंची गर्दी. जॅझ छोट्या क्लबांत उरलं. माइल्स डेव्हिस यांनी पुन्हा वाट बदलली आणि १९६९ मध्ये दोन रेकॉर्डिंगं केली, ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’. इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक गिटार, रॉकसारखा ठाम ठेका आणि त्यावर जॅझचं मोकळं वादन. जॅझ फ्युजन म्हणून जे ओळखलं जातं त्याला जोर इथून आला. माइल्स यांच्यासोबत वाजवलेल्यांनीच पुढं एकेक बँड काढला: जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांचा ‘वेदर रिपोर्ट’, चिक कोरिया यांचा ‘रिटर्न टू फॉरेव्हर’, हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेडहंटर्स’. प्रत्येकावर वेगळा लेख होईल. आपल्याला जायचं आहे ते या दोन्ही रेकॉर्डिंगांत गिटार वाजवणाऱ्या मॅकलॉफ्लिन यांच्यामागं.

मॅकलॉफ्लिन यांचा जन्म १९४२ चा. १९६९ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत आले आणि थोड्याच दिवसांत माइल्स यांच्या स्टुडिओत वाजवत होते. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःचा बँड काढला, ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’. ते श्री चिन्मय या बंगाली गुरूंचे शिष्य होते आणि महाविष्णू हे नाव गुरूंनीच दिलेलं. बँडमध्ये पनामात जन्मलेला ड्रमर बिली कॉबम, चेकोस्लोव्हाकियाचा यान हॅमर, आयर्लंडचा रिक लेअर्ड, अमेरिकन व्हायोलिनवादक जेरी गुडमन आणि इंग्रज मॅकलॉफ्लिन. एका गावचे दोघं नाहीत.

या बँडचा आवाज कान फाडणारा होता, वेगही तसाच. पण आपल्यासारख्यांनी लक्ष द्यावं ते त्यांच्या मोजणीकडं. रॉक आणि बहुतेक जॅझ चार-चारच्या घरात चालतं. महाविष्णूचे तुकडे सात, दहा अशा आकड्यांवर चालायचे. १९७३ च्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ रेकॉर्डचा पहिलाच तुकडा १८ च्या मोजणीत आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला हे विलक्षण वाटलं. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ऐकलेल्या कानाला त्यातला आकडा अवघड वाटत नाही, अवघड वाटतो तो आवाजाचा भडिमार.

१९७३ च्या अखेरीस हा पहिला संच फुटला. रचना कोणाच्या, नाव कोणाचं, यावरून कुरबुरी होत्या. नवे वादक घेऊन महाविष्णू आणखी थोडी वर्षं चालला, पण मॅकलॉफ्लिन यांचं मन तोवर दुसरीकडं लागलं होतं.

तूर आणि कपाशी

अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात ते वीणा शिकत होते. तिथंच एल. शंकर यांची गाठ पडली. झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात शिकवत होते. विनायकराम मद्रासकडचे, घटमचे पट्टीचे वादक. यातून ‘शक्ती’ जमली आणि ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर साउथॅम्प्टन कॉलेजात तिचा कार्यक्रम झाला. त्याचंच रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी बाजारात आलं, तीच ती तीन तुकड्यांची रेकॉर्ड. झाकीर तेव्हा २४ वर्षांचे होते.

आता कोणी काय सोडलं ते पाहा. मॅकलॉफ्लिन यांनी इलेक्ट्रिक गिटार सोडली, ड्रमसेट सोडला, बेस गिटार सोडली, आणि ज्या भडिमारानं ते जगप्रसिद्ध झाले तोही सोडला. मांडी घालून चौरंगावर बसले. गिब्सनच्या एका साध्या लाकडी गिटारीवर त्यांनी खास बदल करून घेतले. नेहमीच्या सहा तारांशिवाय गिटारीच्या पोटावरून तिरप्या जाणाऱ्या सात बारीक तारा बसवल्या. सतारीच्या तरफांसारख्या त्या मूळ सुराला झंकार देतात. गिटारीच्या पट्टीवर पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलं. त्यामुळं तार दाबून खेचता येते आणि एका पडद्यावरून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं), गमक (सुराला दिलेलं आंदोलन) निघतं. साध्या गिटारीत सूर पायऱ्यांसारखे सुटे असतात, आणि रागाला ते चालत नाही.

कर्नाटक पद्धतीच्या वादकांनीही सोडलं. ठरलेल्या कृती (बांधीव रचना), ठरलेला क्रम सोडून अनोळखी रचनांवर बसले. पण माझ्या मते सगळ्यात मोठं पाऊल हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन पद्धतींनी टाकलं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचं घटम-मृदंगम एका बैठकीत बरोबरीनं बसणं हे त्या काळात रोजचं नव्हतं. तालाची भाषा वेगळी, बोल वेगळे, टाळीचे हिशेब वेगळे. झाकीर यांना थोडी वाट तयार मिळाली होती. वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी १९६८ मध्येच बडी रिच या जॅझ ड्रमरबरोबर रेकॉर्ड केली होती. तरीही पूर्व-पश्चिम मिलाफ म्हणून गाजलेल्या या बँडमध्ये खरी कसोटी उत्तर-दक्षिण मिलाफाची होती असं मला वाटतं.

आपल्याकडं कपाशीत तुरीची ओळ घेतात. दोन्हींची मुळं वेगळ्या खोलीला जातात, हंगाम वेगळा संपतो, आणि एकीनं दुसरीचं ऊन अडवायचं नाही म्हणून किती ओळींनंतर तूर हे ठरवून पेरतात. ‘शक्ती’ची बांधणी मला तशी दिसते. कोणीही आपलं वाण बदललं नाही. अंतर मात्र नीट राखलं.

समेवर येण्याचं गणित

हे अंतर राखलं गेलं तालात. पाच जणांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट ताल हीच होती, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

भजनी ठेक्याच्या आठ मात्रा टाळीनं धरा. आता ‘ति ट धा’ हा तीन मात्रांचा बोल समेपासून सुरू करून न थांबता तीनदा म्हणा. तीन त्रिक नऊ. नववा बोल, म्हणजे शेवटचा ‘धा’, पुढच्या समेवर पडतो. ही झाली तिहाई. मधल्या वेळात टाळी आणि बोल यांची फारकत होते, ऐकणाऱ्याला वाटतं घोळ झाला, आणि एकदम सगळं एका जागी येतं. आता हेच सात मात्रांत करून पाहा: ‘ट धा’, एक मात्रा गप्प, ‘ट धा’, एक मात्रा गप्प, ‘ट धा’. शेवटचा ‘धा’ पुन्हा समेवर. कर्नाटक संगीतातही असाच तीनदा म्हणून संपवण्याचा प्रकार आहे आणि त्यांचे हिशेब आपल्यापेक्षाही लांब पल्ल्याचे असतात. गिटार, व्हायोलिन, तबला आणि घटम यांना ठरलेली भाषा हवी होती, ती या आकड्यांनी दिली.

शिवाय दक्षिणेची कोन्नकोल ही पद्धत होती, म्हणजे वाद्य बाजूला ठेवून तालाचे बोल तोंडानं म्हणणं. तीनसाठी ‘त कि ट’, चारसाठी ‘त क दि मि’, पाचसाठी ‘त क त कि ट’, सातसाठी ‘त क दि मि त कि ट’. मॅकलॉफ्लिन यांनी हे आत्मसात केलं आणि पुढं आयुष्यभर त्याचा पुरस्कार केला. ज्याला तोंडानं म्हणता येतं त्याला कुठल्याही वाद्यावर ते सापडतं, मग तो कोणत्या देशाचा का असेना.

आमच्या मंडळातल्या जुन्या तबलजींना मी पहिल्या रेकॉर्डमधला घटमचा भाग ऐकवला. ते बराच वेळ मांडीवर बोटं चालवत राहिले.

“बाप्पा! मडक्यावर एवढं? हा तर बोलूनच राह्यला.”

“काकाजी, सम कुठं आहे सांगा.”

“सम कुठं गेली नाही बावा. तो दाखवून नाही राह्यला फक्त.”

इतकं नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. ‘शक्ती’चे वादक सम लपवतात, पण टाकून देत नाहीत. पाचही जणांच्या मनात ती चालू असते, म्हणून कोणालाच ती सतत ठोकून दाखवावी लागत नाही.

तबला आणि घटम यांच्यात, गिटार आणि व्हायोलिन यांच्यात जे सवाल-जवाब चालतात ते ऐकताना पोळ्याच्या झडत्या आठवतात. एकानं झडती टाकली की दुसऱ्यानं तिच्यावर चढती टाकायची, आणि तोडीची टाकायची. वाक्यं हळूहळू आखूड होत जातात: सोळा मात्रांचा सवाल, आठचा, चारचा, दोनचा, आणि मग दोघं एकत्र. भंडाऱ्याकडं खडी गंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला ही चढण लगेच ओळखू येईल.

थांबणं, आणि पुन्हा जमणं

१९७६ ची ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ ही दुसरी रेकॉर्ड चौघांची, राघवन त्यात नाहीत. तिसरी १९७७ ची ‘नॅचरल एलिमेंट्स’. पहिलीवर २९ मिनिटांचा तुकडा होता, तिसरीवर एकही तुकडा आठ मिनिटांपर्यंत जात नाही. रचना घट्ट झाल्या, सुबक झाल्या. मला त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. पहिल्या रेकॉर्डमध्ये वादक एकमेकांना शोधताना ऐकू येतात, तिसऱ्यात ते सापडलेले आहेत. महाविष्णूच्या मानानं विक्री कमीच राहिली आणि १९७८ मध्ये ‘शक्ती’ थांबली.

जवळजवळ वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, ती ‘रिमेंबर शक्ती’ या नावानं परत उभी राहिली. एल. शंकर नव्हते. त्यांच्या जागी आधी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी आली आणि बँडचा स्वभावच पालटला. व्हायोलिन झेप घेतं, बासरी श्वास घेते. आलाप लांबले, लय उतरली. मग यू. श्रीनिवास आले, आंध्रातल्या पालकोल्लूचे, इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे. विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा व्ही. सेल्वागणेश आला, घटमसोबत कंजिरा (दक्षिणेतली खंजिरी) घेऊन. आणि शंकर महादेवन यांचा गळा आला.

गळा आला हा या बँडच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल, असं माझं मत आहे. पंचवीस वर्षं हा वाद्यांचा बँड होता. गाणारा आला की ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडं जातं, ते टळत नाही. गिटार हळूहळू बाजूला सरकली, आणि मॅकलॉफ्लिन यांनी ती सरकू दिली. काही जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. त्यांचं दुःख मला कळतं. पण ज्या माणसानं १९७५ मध्ये स्पीकरची भिंत सोडली होती, त्यानं साठी गाठताना मधली जागा सोडली, यात मला एकच माणूस दिसतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये श्रीनिवास गेले, वय अवघं ४५. त्यानंतर काही वर्षं बँड शांत होता. मग गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन आलं, नाव पुन्हा नुसतं ‘शक्ती’ झालं, आणि २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ हा अल्बम निघाला. स्टुडिओत केलेला हा त्यांचा १९७७ नंतरचा पहिला अल्बम. पन्नास वर्षांच्या निमित्तानं दौरा झाला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच समारंभात झाकीर यांना आणखी दोन ग्रॅमी मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत या बँडमध्ये दोनच माणसं कायम होती, मॅकलॉफ्लिन आणि ते.

आपली खंजिरी, त्यांचा कंजिरा

मोझरीच्या आसपास राहणाऱ्यानं सेल्वागणेश यांचा कंजिरा ऐकल्याशिवाय राहू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनानं हे वाद्य वऱ्हाडातल्या गावोगावी नेलं. आपल्याकडं खंजिरीचा जीव झांजांमध्ये आहे. ती भजनाला उठाव देते, समुदायाला धरून ठेवते. दक्षिणेतला कंजिरा लहान, झांजेची जोडी एकच, आणि जीव कातड्यात. परंपरेनं त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड आता कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळं बकरीचं किंवा कृत्रिम कातडं वापरतात. आतून पाणी लावून कातडं सैल करतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी कड दाबत डग्ग्यासारखा घुमारा काढतात. एका हातानं धरून, एका हातानं वाजवून हा माणूस तबल्याला जवाब देतो. आमच्या पोरांनी ते पाहिलं तेव्हा दोघांनी त्याच संध्याकाळी खंजिरीवर बोटांचा ठेका काढायला सुरुवात केली.

फ्युजन या नावाखाली आजकाल गणपती-नवरात्रात जे वाजतं त्यातलं बरंच मला पटत नाही, आणि कारण हेच. संगणकात तयार ठेका लावायचा, वर अभंग म्हणायचा, बाजूला एक गिटार. तो ठेका गाणाऱ्याचं ऐकत नाही. गाणारा दमला तरी तो थांबत नाही, रंगला तरी चढत नाही. याउलट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांत, पेटी-तबल्याच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले, पण वाजवणाऱ्याचे डोळे रंगमंचावरच्या नटाकडं असतात. नट थबकला की हात थबकतो. वाद्य नवं आहे, कान जुना आहे. मी त्याला फ्युजन म्हणेन.

ऐकायला सुरुवात करायची तर मी हा क्रम सुचवेन. आधी पहिल्या रेकॉर्डमधला मधला, छोटा तुकडा, ‘लोटस फीट’. त्यात वेग नाही, चमत्कार नाही. फक्त एक चाल, आणि तिच्याभोवती सगळे जपून चालतात. माझा सगळ्यात आवडता तोच. मग पहिला, १८ मिनिटांचा ‘जॉय’. तिथं गिटार आणि व्हायोलिन एकाच वेगवान वाक्यावर एकत्र धावतात. टाळी सोडू नका, नाही तर हरवाल. मग २०२३ चा अल्बम, म्हणजे त्याच झाडाला पन्नास वर्षांनी काय आलं ते कळेल. महाविष्णू त्यानंतर, आवाज निम्म्यावर ठेवून. २९ मिनिटांचा तुकडा सगळ्यांत शेवटी, आणि चार-पाच जण मिळून, एकानं टाळ धरून.

आणि मंडळातल्या ज्या पोरांना करून पाहायचं आहे त्यांनी वाद्याला हात लावण्याआधी ‘त क त कि ट’ तोंडानं म्हणायला घ्यावं. एका हातानं आठाची टाळी, तोंडानं पाचाचे बोल. आठ वेळा पाच झाले की चाळीस, म्हणजे आठाची पाच आवर्तनं, आणि दोन्ही एकत्र समेवर येतात. ते न अडखळता जमलं की सातावर या, ‘त क दि मि त कि ट’. खंजिरी त्यानंतर.